नळाच्या पाण्यात सापडलेले हृदयाचे गुपित

शस्त्रक्रिया होऊन रुग्ण वॉर्डात आला की खाटेशेजारच्या स्टँडवर एक बाटली हमखास लटकलेली असते. नातेवाईक तिला सरसकट सलाईन म्हणतात. परिचारिका मात्र केसपेपरवर आरएल असे लिहून जाते. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. यातले रिंगर हे रसायनाचे नाव नाही आणि कंपनीचेही नाही. ते एका डॉक्टरांचे आडनाव आहे. हृदय नेमके कशाच्या जोरावर आकुंचन पावते, या प्रश्नाचे पहिले पक्के उत्तर डॉ. सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दिले. त्या उत्तराची वाट एका चुकीतून गेली होती आणि ती चूक त्यांनी स्वतःच जगापुढे मांडली. भुलेची औषधे हृदयाचा जोर का कमी करतात, हे आज भूलतज्ज्ञ ज्या आधारावर सांगतात, त्याचा पायाही तिथेच घातला गेला.

नॉर्विचचा मुलगा, लंडनचा डॉक्टर

सिडनी रिंगर यांचा जन्म १८३५ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच या शहरात झाला. घर व्यापाऱ्याचे होते. सिडनी लहान असतानाच वडील वारले. पुढे भावांपैकी फ्रेडरिक व्यापारासाठी थेट जपानला गेले आणि नागासाकी बंदरात मोठे व्यापारी म्हणून नावारूपाला आले. जपानमध्ये आज रिंगर हट नावाची नूडल्सची उपाहारगृहे जागोजागी दिसतात, ते नाव या फ्रेडरिक यांच्यावरूनच आलेले आहे. एका भावाचे नाव असे जेवणाच्या वाडग्यावर आले, तर दुसऱ्याचे सलाईनच्या बाटलीवर.

सिडनी यांनी वैद्यकाची वाट धरली. १८५४ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले, १८६० मध्ये पदवी घेतली आणि तेथील रुग्णालयाशी त्यांचा संबंध निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९०० पर्यंत, अखंड राहिला. लंडनमध्ये त्यांची ओळख होती ती रुग्ण नीट पाहणारे आणि विद्यार्थ्यांना मनापासून शिकवणारे डॉक्टर म्हणून. औषधोपचारावरचे त्यांचे पुस्तक १८६९ मध्ये निघाले आणि त्यांच्या हयातीतच त्याच्या १३ आवृत्त्या झाल्या. त्या काळी औषध देणे म्हणजे बरेचसे परंपरेने आणि अंदाजाने चालणारे काम होते. कोणते औषध शरीरात नेमके काय करते, हे तपासून मगच ते द्यावे, हा रिंगर यांचा आग्रह होता.

या आग्रहापायी ते रोज प्रयोगशाळेत जात. रुग्णालयातील फेरी, शिकवणी आणि खासगी रुग्ण सांभाळून मिळेल तो वेळ ते महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात घालवत. ते वक्तशीरपणासाठी प्रसिद्ध होते. स्वतःची मोठी प्रयोगशाळा किंवा साहाय्यकांची फौज त्यांच्याकडे नव्हती. एक टेबल, काही नळ्या, लवणांच्या बाटल्या आणि बेडकांची हृदये एवढ्यावर त्यांचे काम चाले.

क्लोरोफॉर्मची भीती

बेडकाच्या हृदयाकडे ते वळले, त्यामागे त्या काळची एक मोठी चिंताही होती. १८४६ मध्ये इथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म भुलेसाठी वापरात आले आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा आक्रोश थांबला. पण जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडमध्ये १५ वर्षांची एक मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर दोन-तीन मिनिटांत दगावली. त्यानंतर अशा बातम्या येतच राहिल्या. धडधाकट माणूस किरकोळ शस्त्रक्रियेसाठी येई आणि शस्त्र लागण्याआधीच गतप्राण होई.

हे मृत्यू कशामुळे होतात, यावर डॉक्टरांत दोन तट पडले होते. क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतो आणि हृदय मागाहून थांबते, असे एका गटाचे म्हणणे होते. ते खरे असेल, तर श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. दुसरा गट म्हणे की क्लोरोफॉर्म थेट हृदयालाच दुबळे करतो. ते खरे असेल, तर श्वास व्यवस्थित चालू असतानाही रुग्ण हातातून जाऊ शकतो. इंग्लंडच्या राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे डॉ. जॉन स्नो यांचे मत या दुसऱ्या बाजूचे होते. पुढे ग्लासगो येथे नेमलेल्या वैद्यकीय समितीच्या प्रयोगांतही हृदयावरचा हा परिणाम दिसला.

रिंगर यांनी प्रश्न सोपा केला. जिवंत प्राण्यात मेंदू, मज्जातंतू, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या सगळ्यांचा हृदयावर एकाच वेळी परिणाम होत असतो. मग हृदयच बाहेर काढून त्यावर औषध घातले तर? बेडकाचे हृदय यासाठी सोयीचे असते. ते शरीराबाहेर बराच वेळ धडधडत राहते. त्याच्या मुख्य कप्प्याची भिंत स्पंजासारखी असते आणि कप्प्यात भरलेल्या द्रवातूनच तिचे पोषण होते. नळीतून द्रव आत सोडायचा आणि प्रत्येक ठोका फिरत्या कागदावर रेघेच्या रूपाने उमटवायचा. रेघ उंच असली तर आकुंचन जोरदार, ठेंगणी असली तर दुबळे. १८८१ मध्ये त्यांनी या पद्धतीने क्लोरोफॉर्म आणि इथर यांची तुलना प्रसिद्ध केली. क्लोरोफॉर्मने रेघ स्पष्ट ठेंगणी होत होती, इथरचा परिणाम त्या मानाने सौम्य होता. श्वासाचा किंवा मेंदूचा इथे संबंधच नव्हता. औषध हृदयाच्या स्नायूवरच काम करत होते.

चुकलेले पाणी

आता पुढचा प्रश्न आपसूक उभा राहिला. औषधाने जोर कमी होतो हे ठीक, पण मुळात तो जोर येतो कशामुळे? रक्तात असे काय असते, की जे मिळाल्यावर हृदय धडधडते? रिंगर यांनी रक्तातले एकेक लवण वेगळे करून हृदयाला द्यायला सुरुवात केली. १८८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. सुमारे पाऊण टक्का मीठ घातलेले पाणी आणि त्यात किंचित पोटॅशियम एवढ्यावर बेडकाचे हृदय तासन्‌तास छान चालते, असे त्यांना दिसले होते.

पण नंतर त्याच प्रयोगात वेगळेच निकाल येऊ लागले. तेच मीठ, तेच पोटॅशियम, पण हृदय मलूल पडे आणि थोड्या वेळात थांबे. रिंगर यांनी कारण शोधायला घेतले, तेव्हा उलगडा झाला. आधीच्या प्रयोगांतील द्रावण शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले नव्हते. ते बनवणाऱ्याने सरळ नळाचे पाणी वापरले होते. पुढच्या पिढीतल्या शास्त्रज्ञांनी ही गोष्ट प्रयोगशाळेतील एका मदतनिसाच्या नावावर सांगितली. नळाला चांगले पाणी असताना एवढा खटाटोप कशाला, असे त्या बिचाऱ्याला वाटले होते म्हणे.

हे पाणी न्यू रिव्हर नावाच्या कंपनीचे होते. १६१३ मध्ये खोदलेल्या एका कालव्यातून ते लंडनला येई आणि त्याचे झरे चुनखडीच्या प्रदेशातले होते. खडूसारख्या त्या दगडातून झिरपताना पाण्यात चुना, म्हणजेच कॅल्शियम, उतरत असे. आज ज्याला आपण जड पाणी म्हणतो, ज्याने किटलीत पांढरा थर बसतो, तसे हे पाणी होते. त्यातले कॅल्शियम दहा लाख भागांत अवघे ३८ भाग एवढेच, पण हृदयाला तेवढे पुरत होते.

रिंगर यांच्यापुढे तेव्हा दोन वाटा होत्या. जुना निबंध छापून झालाच होता, तेव्हा त्यावर गप्प बसता आले असते. त्यांनी तसे केले नाही. १८८३ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी नवा निबंध दिला. आधीची द्रावणे नळाच्या पाण्यात केली गेली होती आणि त्यामुळे आपले निष्कर्ष चुकले, हे त्याच्या सुरुवातीलाच स्वच्छ सांगितले. मग एकेक प्रयोग पुन्हा करून दाखवला.

शुद्ध पाण्यातल्या मिठावर हृदय थांबते. त्यात कॅल्शियम घातले की थांबलेले हृदय पुन्हा धडधडू लागते. मात्र एकटे कॅल्शियमही भागत नाही. ते असताना हृदय जोरात आकसते, पण सैल पडायला वेळ लावते आणि शेवटी घट्ट होऊन बसते. पोटॅशियम या घट्टपणाला आवर घालते. पोटॅशियम जास्त झाले, तर हृदय सैल पडून थांबते. सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचा तोल साधला, की आकसणे आणि सैल पडणे दोन्ही वेळेवर होते. द्रावण आम्लधर्मी होऊ नये म्हणून त्यात थोडा खाण्याचा सोडा. हेच रिंगरचे द्रावण. शाळकरी मुलालाही तयार करता येईल इतके साधे, आणि त्यातून जीवशास्त्राचे एक दार उघडले. पुढे त्यात साखर आणि ऑक्सिजनची भर घालून इतरांनी सस्तन प्राण्यांची हृदयेही शरीराबाहेर धडधडत ठेवली.

हैदराबादचा वाद

क्लोरोफॉर्मचा वाद मात्र संपला नव्हता आणि त्याचा पुढचा अंक भारतात रंगला. हैदराबादमध्ये डॉ. एडवर्ड लॉरी हे ब्रिटिश शल्यचिकित्सक क्लोरोफॉर्मचे कट्टर समर्थक होते. फक्त श्वासाकडे लक्ष द्या, नाडीची चिंता नको, अशी त्यांची शिकवण होती. हे सिद्ध करण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये तेथे दोन आयोग बसले. खर्च निजाम मीर महबूब अली खान यांनी उचलला. आजचा मराठवाडा तेव्हा याच निजामाच्या राज्यात होता. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदयाला थेट धोका नाही.

लंडनमधील अनेकांना हे पटले नाही. त्यांत डॉ. डडली बक्स्टन होते. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या रुग्णालयात भूल देण्याचे काम करणारे हे डॉक्टर १८८७ मध्ये रिंगर यांच्यासोबत हृदय आणि हातापायांच्या स्नायूंवर लवणांचा परिणाम तपासत होते. औषध आणि हृदयाचा स्नायू यांचे नाते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९११ मध्ये, रिंगर यांच्या निधनानंतर वर्षभराने, गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदयाची लय अचानक बिघडून ते नुसतेच थरथरू लागते आणि मृत्यू ओढवतो. म्हणजे हृदयाला धोका दुहेरी होता. आकुंचनाचा जोर कमी होणे हा एक आणि लय बिघडणे हा दुसरा. हैदराबादच्या निष्कर्षावर विसंबून नाडीकडे दुर्लक्ष करणे महागात पडणारे होते.

पेशीच्या आत काय घडते

कॅल्शियम हृदयाला नेमके काय करते, हे रिंगर यांना सांगता आले नाही. ती साधनेच तेव्हा नव्हती. त्यानंतर सुमारे ८० वर्षांनी, १९६० च्या दशकात, जपानमधील सेत्सुरो एबाशी आणि इतरांच्या कामातून चित्र स्पष्ट झाले. ते असे आहे.

प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या स्नायूपेशीवरून विजेची एक लहर जाते. त्यासरशी पेशीच्या आवरणातली बारीक दारे उघडतात आणि बाहेरचे थोडे कॅल्शियम आत शिरते. पेशीच्या आत कॅल्शियमचे एक कोठार असते. बाहेरून आलेले थोडे कॅल्शियम त्या कोठाराचे दार उघडते आणि तिथून बराच मोठा साठा बाहेर पडतो. हे कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते. मग स्नायूचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पेशी आखडते. लगेच पंप सुरू होऊन कॅल्शियम पुन्हा कोठारात भरतात, थोडे पेशीबाहेर टाकतात आणि पेशी सैल पडते. हे सगळे एका सेकंदाच्या आत, दिवसाला सुमारे एक लाख वेळा. रिंगर यांचे हृदय शुद्ध पाण्यातल्या मिठावर का थांबले, ते आता कळते. बाहेर कॅल्शियमच नव्हते, मग कोठाराचे दार उघडणार कोण?

भुलेची औषधे याच साखळीत ढवळाढवळ करतात. हुंगवून दिल्या जाणाऱ्या हॅलोथेनसारख्या औषधाने बाहेरून येणारे कॅल्शियम कमी होते. शिवाय कोठारातूनही ते झिरपून साठा घटतो. त्यामुळे प्रत्येक आकुंचनाला मिळणारे कॅल्शियम कमी पडते आणि ठोक्याचा जोर ओसरतो. आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन ही नंतरची औषधे हे काम बऱ्याच सौम्यपणे करतात, म्हणूनच ती मागे राहिली नाहीत. शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफोलने रक्तदाब घसरतो, तो मुख्यतः रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे. एटोमिडेट हृदयाला फारसा धक्का लावत नाही, म्हणून दुबळ्या हृदयाच्या रुग्णात त्याचा विचार होतो. केटामाइनची गंमत निराळी आहे. ते स्नायूला स्वतः थोडे मंदावते, पण शरीरातील उत्तेजक यंत्रणा जागी करत असल्याने एरवी नाडी आणि रक्तदाब वाढलेले दिसतात. ज्या रुग्णाची ही राखीव ताकदच आजाराने संपलेली असते, त्याच्यात मात्र रक्तदाब घसरू शकतो.

निरोगी हृदयाला ही घट सहज पेलते आणि औषध उतरताच जोर पूर्ववत होतो. झटका येऊन गेलेल्या किंवा पंपिंग कमी असलेल्या हृदयाचे तसे नसते. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ जिना चढताना दम लागतो का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, असे प्रश्न विचारतात आणि गरज वाटल्यास इको करायला सांगतात, ते यासाठी. ती उत्तरे ऐकूनच औषध कोणते आणि किती, हे ठरते. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी तेव्हा काही लपवणे धोक्याचे असते. एक गैरसमजही इथे दूर करायला हवा. हृदयाला कॅल्शियम लागते म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन हृदय बळकट होत नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर अतिशय काटेकोरपणे सांभाळते आणि ते प्रमाणाबाहेर वाढणे हृदयाच्या लयीला घातकच ठरते. तोल महत्त्वाचा, हे बेडकाच्या हृदयाने १८८३ मध्येच सांगितले होते.

लास्टिंगहॅमचे चर्च

रिंगर यांच्या आयुष्यात सगळेच उजळ नव्हते. १८८३ मध्येच त्यांनी आणि डॉ. विल्यम मरेल यांनी सोडियम नायट्राइट हे औषध रुग्णालयातील रुग्णांना देऊन त्याचे दुष्परिणाम प्रसिद्ध केले, तेव्हा गरीब रुग्णांवर प्रयोग केल्याची टीका त्यांच्यावर झाली. संमतीचे आजचे नियम तेव्हा नव्हते. तरीही प्रश्न रास्तच होता.

घरचे दुःख त्याहून मोठे होते. त्यांची पत्नी अ‍ॅन यॉर्कशरची. तिथल्या लास्टिंगहॅम या छोट्या गावी त्यांचे सुट्टीतले घर होते. त्यांची मुलगी अ‍ॅनी लहानपणीच वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी गावातल्या प्राचीन चर्चचा जीर्णोद्धार स्वखर्चाने करवला आणि १८७९ मध्ये तो पूर्ण झाला. हृदयावरचे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे प्रयोग त्यानंतरच्या वर्षांतले आहेत. १८८५ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. निवृत्तीनंतर ते लास्टिंगहॅमलाच राहायला गेले आणि १९१० मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत लोकांनी त्यांना ओळखले ते चांगले डॉक्टर आणि एका जाडजूड पुस्तकाचे लेखक म्हणून. कॅल्शियमच्या शोधाचे मोल कळायला आणखी कित्येक दशके गेली. दरम्यान १९३० च्या दशकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी जुलाबाने कोमेजलेल्या मुलांसाठी रिंगरच्या द्रावणात लॅक्टेटची भर घातली आणि आजचे आरएल तयार झाले. त्या बाटलीच्या लेबलावर घटकांची यादी असते. सोडियम आणि पोटॅशियमच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइडही तिथे छापलेले असते, अगदी थोड्या प्रमाणात. लंडनच्या नळातून चुकून आले होते ते हेच.